दाराखालच्या पायऱ्या

मास्तरांनी आयुष्यभर लोकांची चित्रं दुरुस्त केली. शाळेत चित्रकला शिकवायची म्हणजे दुसरं करायचं असतं काय? मुलं वाकडा माठ काढायची, मास्तर त्याचं पोट दोन्ही बाजूंनी सारखं करायचे. मुलं बांबूसारखं खोड काढायची, मास्तर त्याला मुळं काढून द्यायचे. मुलांनी सूर्य डाव्या कोपऱ्यात काढला आणि सावलीही डावीकडेच टाकली, तर मास्तर सावली उचलून उजवीकडे आणून ठेवायचे. सूर्याला हात लावत नसत. तेवढा नम्रपणा त्यांच्यापाशी होता. निवृत्तीच्या समारंभात शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी घरी नेऊन टांगलं, दोन पावलं मागे सरले, एक डोळा मिटून पाहिलं, पुढे जाऊन सरळ केलं, पुन्हा मागे सरले. हे बराच वेळ चाललं. शेवटी बायको म्हणाली, "आता त्यात वेळ किती झालाय तेही बघा."

अशा माणसाला, दुसऱ्याच्या चित्राला बोट लावायची मनाई असलेल्या खोलीत आणून बसवणं म्हणजे केस वाढवायच्या स्पर्धेला न्हावी परीक्षक नेमण्यासारखं होतं. पण मास्तर तिथे हौसेने गेले नव्हते. त्यांची लेक तिथे होती.

लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. "हे स्पष्ट दिसतं की हे? पहिलं की दुसरं?" दिवसभर तेच, आणि एकदाही न कंटाळता. गिऱ्हाईक गोंधळलं तर म्हणायची, "घाई नाही, पुन्हा दाखवते." मग तिची झोप गेली. मग ती म्हणायला लागली की भिंगांच्या मागे कुणीतरी येऊन बसलंय. आपण काचेतून बघतो तेव्हा पलीकडून आपल्यालाही बघितलं जातं. दुकानात जाणं सुटलं. घरातल्या आरशाला कागद चिकटला, मग टीव्हीला, मग कपाटाच्या काचेला, मग शाळेने दिलेल्या घड्याळाला. शेवटी मास्तरांच्या चष्म्याला. कागद काढला की ती थरथरायची, म्हणून मास्तर कागदासकट चष्मा लावून घरात वावरू लागले. फटीतून पायाखालचं तेवढं दिसायचं. पेपर वाचणं बंद झालं, ही त्यातली एकच चांगली बाजू.

पुढे तिने जेवणही सोडलं, कारण चमचा चकाकतो. डॉक्टर म्हणाले, आता घरी ठेवू नका, दाखल करा. पण ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. आई रडली, मामाने समजावलं, शेजारच्या काकांनी, कुणी बोलावलं नसताना येऊन, इच्छाशक्तीवर भाषण दिलं. काही उपयोग झाला नाही. तेव्हा मास्तर म्हणाले, "बाळा, मला काही दिसेनासं झालंय. डोळे दाखवायला जायचंय. तू येतेस का बरोबर?"

खोटं म्हणावं तर तसं खोटंही नव्हतं. चष्म्यावर कागद असल्यावर कुणाला काय दिसणार?

लेक उठली, केस विंचरले, चप्पल घातली. रिक्षातून उतरल्यावर तिने त्यांचं कोपर धरलं ते सोडलंच नाही. "इथे खड्डा आहे बाबा. आता उजवीकडे. आता पायऱ्या आहेत, सावकाश. एक. दोन. तीन. झालं." दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना खुर्चीपर्यंत नेताना ती असंच बोलायची. मास्तर तिच्या आवाजाच्या मागे मागे आंधळ्यासारखे त्या इमारतीत शिरले आणि लेकीला तिथे ठेवून डोळसासारखे बाहेर आले.

वॉर्डाच्या दाराला चौकोनी काच होती. दार लागल्यावर तिने त्या काचेवर पंजा ठेवला. मास्तरांना फटीतून तो पंजा दिसला. चेहरा दिसला नाही. तो दिसू नये म्हणून तर त्यांनी मान वर केली नव्हती.

त्यानंतर लेक सगळ्यांशी बोलायची. सिस्टरशी बोलायची, आईशी बोलायची, झाडूवालीशी बोलायची. मास्तरांशी नाही. ते भेटायला आले की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. त्यात राग दिसला असता तर बरं वाटलं असतं. समोरचा कपडे बदलत असला की आपण सभ्यपणे पाठ करतो ना, तशी ती पाठ करायची. मास्तरांना आता पेन्शन नको होती, मान नको होता, गुडघेदुखीही असेना का. तिने एकदा "बाबा" म्हणावं, एवढंच हवं होतं.

डॉक्टरांनी सुचवलं, वॉर्डात चित्रांचा तास असतो, आठवड्यातून एकदा घरचं माणूसही बसू शकतं. "तुम्ही तर चित्रकलेचेच. तुम्हाला काय अवघड?"

डॉक्टर हुशार होते, पण चित्रकलेचे मास्तर त्यांना कधी भेटलेले नसावेत.

तास घेणाऱ्या बाईंना सगळे रंगबाई म्हणायचे. वयाने लेकीएवढ्याच, कोपराला कायम कुठला तरी रंग वाळलेला. खोली पूर्वी सामानाची असावी. टेबलं जमिनीला ठोकलेली, खिडकीला जाळी, पाणी मऊ प्लॅस्टिकच्या पेल्यांत, रंग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये. पेन्सिल नाही, कारण पेन्सिलीला टोक असतं. टोकयंत्र तर नाहीच, कारण त्याला पातं असतं. ॲप्रनऐवजी जुने शर्ट उलटे घालायचे, कारण ॲप्रनला बंद असतात. भिंतीवर एक फळी होती, तीवर प्रत्येक ब्रशाची बाह्यरेखा काढलेली. तास संपला की प्रत्येक ब्रश आपापल्या रेखेत जाऊन बसला पाहिजे. एकही रेखा रिकामी राहिली तर कुणी खोलीबाहेर जायचं नाही. मास्तरांना ती फळी फार आवडली. त्या खोलीतलं तेवढंच त्यांना पटण्यासारखं होतं.

"नियम सोपे आहेत सर," रंगबाई म्हणाल्या. "प्रत्येकाने आपापल्या कागदापुरतं बघायचं. कुणी दाखवलं तर काय दिसतं तेवढं सांगायचं. छान म्हणायचं नाही, चुकलं म्हणायचं नाही. आणि दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही."

"बास, एवढंच?" मास्तर म्हणाले. वर्गात ते यालाच 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणायचे. दोन्ही एकदम कसं करायचं, असं एखादं पोर विचारायचं आणि मार खायचं.

लेक कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या पुढ्यात कोरा कागद. मास्तर दुसऱ्या टोकाला. मध्ये दोघे जण: एक मावशी, ज्या रोज सबंध कागद पिवळा करायच्या, आणि एक कंडक्टर. तो खरोखरच बसवर कंडक्टर होता. आजार वाढला तेव्हा त्याने भर रस्त्यात बस थांबवून सगळ्या उतारूंना खाली उतरवलं होतं आणि बस रिकामी झाल्यावर एकटाच आत बसून म्हणत होता की आता कुठे जागा झाली. इथेही तो कागदाचे बारीक तुकडे फाडून येईल त्याला तिकीट द्यायचा आणि दारात गर्दी झाली की "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणायचा. पुढे भिंत होती.

मास्तरांनी पहिल्या दिवशी एक पाण्याचा जग काढला. नुसत्या ब्रशाने, हात न उचलता. मान, पोट, कान, कडेवरचा उजेड, सगळं जिथल्या तिथे. कंडक्टर येऊन बघत राहिला.

"यात पाणी आहे?"

"नाही. रिकामाय."

"मग एवढा चकचकीत कशाला?"

तेवढ्यात मावशींनी आपला पिवळा कागद त्यांच्यापुढे धरला. "मास्तर ना तुम्ही? मला किती?"

मास्तरांनी विचार केला नाही. विचार करायला सवय वेळ देत नाही. "सहा," ते म्हणाले. "कडेला पांढरं सुटलंय."

मावशी जागेवर गेल्या आणि त्यांनी कडा भरल्या. मग कडेबाहेरचं टेबल भरलं. मग खुर्चीचा हात. रंगबाईंनी ब्रश हळूच काढून घेतला तेव्हा मावशी आपल्या मनगटाशी पोचल्या होत्या आणि हुंदके देत विचारत होत्या, "आता? आता किती?"

रंगबाईंनी मास्तरांना बाजूला घेतलं. "सर, इथे गुण नसतात."

"मग कळायचं कसं?"

"काय?"

"बरं आहे का वाईट."

"कोण?"

"चित्र," मास्तर म्हणाले.

"अच्छा. मला वाटलं माणसाबद्दल विचारताय. तेही इथे लवकर कळत नाही."

मास्तर घरी येऊन हे सगळं बायकोला सांगू लागले. बायको म्हणाली, "लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, मी भिंतीवर कॅलेंडर लावलं. मी वळले तेवढ्यात तुम्ही ते सरळ केलंत. तेव्हाच मी ओळखलं."

"वाकडंच होतं ते."

"असू दे की. महिने काय घरंगळून पडणार होते?"

तरी मास्तर शिकले. म्हातारपणी कुणी नवी विद्या शिकत नाही म्हणतात. मास्तर तर विद्या विसरायला शिकले, ते त्याहून अवघड. तासाला गेले की दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून बसायचे. मावशींनी कागद धरला की म्हणायचे, "पिवळं आहे." मावशी म्हणायच्या, "हो ना," आणि समाधानाने जायच्या. एवढी वर्षं शिकवून एवढं समाधान त्यांनी एकाही विद्यार्थ्याच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

लेक आधी कागदाला नुसतं पाणी लावायची. ओला करायचा, वाळू द्यायचा, परत ओला करायचा. औषधांनी तिचे हात कापायचे आणि जीभ कोरडी पडायची. ब्रश पेल्यात बुडवतानाही पेल्याच्या कडेवर टकटक वाजायचं. डोळे तपासताना याच हातांनी ती म्हाताऱ्यांच्या पापण्या अलगद उचलायची. मास्तर ती टकटक ऐकत बसायचे आणि मांड्यांखालचे पंजे बधिर व्हायचे.

एकदा ती खुर्ची वळवून बसली. पूर्ण नाही, अर्धी. आणि तास संपताना तिने मास्तरांकडे पाहिलं. म्हणजे तोंडाकडे नाही. शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडे.

घरी येईपर्यंत मास्तरांना दम नव्हता. "आज बघितलं तिने."

"तुमच्याकडे?" बायकोचा हात थांबला.

"गुंडीकडे."

बायको म्हणाली, "कुठला शर्ट होता?"

पुढच्या आठवड्यात तोच शर्ट धुऊन, इस्त्री करून खुंटीवर तयार होता. दुसरी गुंडी बायकोने दोरा घालून पक्की केली होती.

त्या तासाला लेकीने घर काढलं.

तपकिरी भिंती, लाटांसारख्या हललेल्या रेघा, काळं छप्पर. खिडकी नव्हती, काच नको म्हणून. दार होतं, लहानसं, लाल, पण ते जमिनीपाशी नव्हतं. पार वर, छपराच्या खाली, भिंतीला टांगल्यासारखं. तिने बराच वेळ ते दार भरलं. मग ब्रश ठेवला, कागदाच्या कडेवर एक बोट टेकवलं आणि कागद मास्तरांच्या बाजूला सरकवला. फार नाही. पण सरकवला.

खोलीच्या दुसऱ्या टोकावरून रंगबाई बघत होत्या, हे त्यांना जाणवलं.

"घर आहे," मास्तर म्हणाले.

लेकीने मान हलवली.

"भिंती तपकिरी आहेत. छप्पर काळं आहे." पुढच्या वाक्याइतकं जपून ते आयुष्यात कधी बोलले नसतील. "दार वर आहे."

"हां," लेक म्हणाली. गुंडीला म्हणाली, पण म्हणाली. "वरच आहे."

मग सिस्टरने हात धुवायला बोलावलं. लेक उठून रांगेत गेली. रंगबाई फळीशी उभ्या राहून ब्रश रेखांमध्ये बसवू लागल्या. ओली चित्रं खिडकीखालच्या टेबलावर वाळत ठेवायची पद्धत होती; मास्तरांनी लेकीचं चित्र दोन्ही हातांनी, नव्या बाळासारखं उचलून तिथे ठेवलं. मग त्यांना काही तरी काम करावंसं वाटलं. आनंद झाला की माणूस मदतीला धावतो, तिथेच सगळा घोटाळा होतो. त्यांनी उरलेले ब्रश गोळा केले, बेसिनशी धुतले, एकेक निरखून पाहिला. शेवटच्यात अजून थोडा तपकिरी होता. ब्रश हातात घेऊन ते खिडकीशी आले, आणि पुन्हा एकदा बघावं म्हणून चित्रावर वाकले.

घर आहे. भिंती तपकिरी आहेत. दार वर आहे.

किती एकटं वाटत होतं ते दार. कुणी आत जायचं म्हटलं तर जाणार कसं? आई जाणार कशी? आणि ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं?

हात गेला. मास्तर गेले असं म्हणणं बरोबर होणार नाही. मास्तर तिथेच उभे होते, आनंदात. हात गेला. एक, दोन, तीन. मोठमोठ्या, रुंद, सावकाश चढता येतील अशा. प्रत्येकीला सावलीसुद्धा, योग्य बाजूला.

ब्रश त्यांनी रंगबाईंना नेऊन दिला. त्यांनी तो रेखेत बसवला. सगळ्या रेखा भरल्या. म्हणजे हिशोब बरोबर होता.

हात पुसत कंडक्टर पहिला परत आला. चित्रं तपासायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. तपासल्याशिवाय गाडी डेपोतून सोडायची नाही, असं त्याचं म्हणणं. मावशींच्या पिवळ्यापाशी थांबला, पुढे सरकला, लेकीच्या घरापाशी थांबला.

"या पायऱ्या मघाशी नव्हत्या," तो म्हणाला. मग आपल्या जुन्या आवाजात, कुणावर न रागावता, "पायरीवर उभं राहू नये. आत व्हा, नाही तर खाली उतरा."

लेक त्याच्या मागेच होती.

तिने चित्र पाहिलं. मग तिने पंजा उचलला आणि दारावर ठेवला. घट्ट दाबून. ओला लाल रंग बोटांमधून वर आला.

"किती जण वर गेले?" तिने कंडक्टरला विचारलं.

"मी हात धूत होतो," कंडक्टर प्रामाणिकपणे म्हणाला. "गाडी सुटल्यावर काय सांगू?"

"किती जण गेले, सांग ना."

"बाळा, थांब, पुसतो," मास्तर पुढे झाले. पुसतो म्हणजे काय करणार? फळीवरचा ब्रश ओढला, पांढरा रंग घेतला, पायऱ्यांवर फिरवला. खालचा तपकिरी अजून ओला. पांढरा त्यात मिसळला, राखी झाला, पसरला. पायऱ्यांचा एक गुळगुळीत उतार तयार झाला. आता तर चाकाच्या खुर्चीतला माणूससुद्धा थेट दारापर्यंत गेला असता.

लेक टेबलाखाली गेली. तिथून तिचा आवाज येत होता, चढलेला नाही, एका पट्टीत, दुकानातल्यासारखा. "पहिलं की दुसरं? पहिलं की दुसरं? पहिलं की दुसरं?" रंगबाई खाली जमिनीवर बसल्या, टेबलापासून थोड्या लांब, आणि हळू बोलत राहिल्या. सिस्टर आल्या. कंडक्टर दारात उभा राहून सगळ्यांना पुढे सरकायला सांगत होता. मास्तरांच्या हातात पांढरा ब्रश होता आणि फळीवर त्याची रेखा रिकामी होती, म्हणून कुणालाच खोलीबाहेर जाता येत नव्हतं. ते कळायला त्यांना वेळ लागला.

लेकीला निगराणीच्या खोलीत हलवलं.

डॉक्टरांनी मास्तरांना समोर बसवलं. "सर, पायऱ्यांमुळे कुणी आजारी पडत नाही. आम्ही औषध बदलत होतो. जुनं कमी केलंय, नव्याचा गुण यायचाय. अशा वेळी चढउतार होतातच. ते त्या दिवशी झालं नसतं तर दुसऱ्या दिवशी झालं असतं."

"पण त्या मी काढल्या."

"मी चित्र बघितलं. उतार बरा काढलात."

"मला सांगायचंय, चूक माझी आहे."

"असेलही थोडी. नसेलही. खरं सांगू? आम्हालाही इतकं बारीक कळत नाही." त्यांचा फोन वाजला. "नव्या औषधाची वाट बघू."

मास्तर रंगबाईंकडे गेले. "माझं तासाला येणं बंद करा."

"पाठ मी फिरवली सर. तुम्हाला ब्रश घेऊन एकटं सोडलं मी."

"म्हणजे तुम्हीपण दोष देणार नाही मला."

"देऊन काय होईल?"

"मग ते चित्र तरी फाडून टाका."

"ते तिचं आहे. तिने विचारलं तर द्यायचं, नाही विचारलं तर ठेवायचं. आणि तुम्ही येऊ नये असं तिने सांगितलं तर मी तुम्हाला तसं सांगेन. अजून सांगितलेलं नाही."

मास्तरांना याचा आधार वाटला, थोडा वेळ. मग लक्षात आलं की निगराणीच्या खोलीत लेक कुणाशीच बोलत नव्हती.

आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांना नापास केलं, त्याला आता कुणी नापासही करेना. घरी बायको तरी टाकून बोलेल म्हणून त्यांनी तिला सगळं सांगितलं, सावलीसकट. बायको ऐकत राहिली. तिच्या तोंडावर येऊन कितीतरी बोलणी परत गेली, ते त्यांना दिसलं. शेवटी ती म्हणाली, "पायऱ्या कशाला हो? दार वर होतं तर असू द्यायचं होतं वर. खाली उभं राहून हाक मारायची होती."

आणि ती शर्ट इस्त्री करायला गेली, तोच.

निगराणीच्या खोलीत भेट नव्हती. बाहेरून बघायची परवानगी होती, दाराच्या काचेतून. मास्तर रोज जायचे. इमारतीच्या दारातल्या पायऱ्या चढताना कठड्याला धरायचे आणि तिसरीवर जरासे थांबायचे. मागच्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला धाप लागली. काचेपाशी पोचले की चष्मा काढून खिशात ठेवायचे. दोन काचांमधून बघितलं जाऊ नये, निदान आपली तरी एक कमी. चष्म्याशिवाय त्यांना आत एक पलंग असावा असं वाटायचं आणि त्यावर कुणी असावं असं वाटायचं. तेवढं बघून ते परत यायचे. बायको विचारायची, "कशी दिसली?" ते म्हणायचे, "झोपली होती." बहुतेक खरं असेल.

नव्या औषधाला गुण आला, म्हणजे डॉक्टर तसं म्हणाले. लेक चालायला लागली, जड, पाण्यातून चालल्यासारखी. खायला लागली; चमचा प्लॅस्टिकचा. आणि एका तासाला सिस्टर तिला चित्रांच्या खोलीत घेऊन आल्या. मास्तर तिथे होते. ते प्रत्येक तासाला येत होते. ती नसताना समोर कोरा कागद घेऊन बसत होते, आणि कंडक्टरने एकदा विचारलंही होतं, "तुमचा स्टॉप कुठला?"

रंगबाईंनी लेकीला विचारलं, कुठे बसायचंय? तिने आपला कोपरा दाखवला. भिंतीकडे तोंड केलं नाही. कुणाकडेच केलं नाही. मग तपकिरी घेतला.

मास्तरांनी पंजे मांड्यांखाली घातले आणि डोळे टेबलाच्या कडेवर लावले. पेल्यावर टकटक वाजत होती, पूर्वीपेक्षा सावकाश. तास संपत आला तेव्हा कंडक्टर आपल्या फेरीवर निघाला. मावशींपाशी थांबला, पुढे सरकला, लेकीपाशी थांबला.

"घर ना हे?"

"हो."

मास्तरांनी न बघता बघितलं. घरच होतं. भिंती पहिल्याहून उंच, छप्पर जाड. सगळीकडे तपकिरी, कडेपासून कडेपर्यंत, एक बोटसुद्धा पांढरं सुटलेलं नव्हतं.

"दार कुठंय?" कंडक्टर म्हणाला. "चढायचं कुठून?"

लेकीने ब्रश पेल्यात ठेवला. कोरडी जीभ ओठांवरून फिरवली.

"दार नाही," ती म्हणाली. "बाबा आहेत ना इथे."

कंडक्टरने मास्तरांकडे पाहिलं, मग घराकडे, आणि त्याला ते पटलेलं दिसलं. त्याने कागदाचा एक तुकडा फाडून मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी तो घेतला नाही. तो त्याने त्यांच्या खिशात सरकवला, दुसऱ्या गुंडीशेजारी, आणि पुढे गेला.

लेक हात धुवायला रांगेत गेली. घर खिडकीखाली वाळत पडलं. मास्तरांच्या नाकाच्या शेंड्यावर खाज सुटली, चांगली कडकडून. डोळ्यांतलंही काही तरी पुसायला हवं होतं. पण त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. फळीवरचा शेवटचा ब्रश आपल्या रेखेत जाऊन बसेपर्यंत ते तसेच बसून राहिले. नंतर रंगबाई म्हणाल्या, "सर, झालं, उठा आता," तरीही.